आण्याची आमटी आणि आमचं बिल्ड

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसूच आलं. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते. तिथे मराठी म्हणजे तिसरी भाषा, आणि व्हरांड्यात मराठी बोललं की दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मॅडमनी सुधारल्या असतील तर ठीक, नाहीतर तुम्हीच सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं होतं. कारण ज्यांची मोटार आमच्यामुळे जळली ते माझे तात्या (म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ) हा अंक वाचणार आहेत. त्यांना त्या रात्री नेमकं काय झालं ते मी अजून नीट सांगू शकलेली नाही.

आमचं गाव आणे. जुन्नर तालुक्यातलं, कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा, बेल्हे ओलांडून वर पठारावर आलं की लागतं ते. जुन्नर म्हटलं की लोकांना धरणं आणि द्राक्षबागा आठवतात. आमचं पठार त्यात बसत नाही. इथे पाऊस पडला तर पडला, आणि मार्चनंतर विहिरीत वाकून बघायची सवय प्रत्येक घरात असते. नळवणे, पेमदरा, आनंदवाडी, शिंदेवाडी, सगळीकडे तीच गत.

तर आमच्या थर्ड इयरच्या प्रोजेक्टचा जन्म त्या वाकून बघण्यातून झाला. विहिरीच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर सोडायचा, दाबावरून पाण्याची उंची काढायची, पाणी एक मीटरच्या खाली आलं की मोटार बंद करायची आणि तात्यांच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा. सरांना कल्पना आवडली. मात्र बारा जण एका प्रोजेक्टवर नकोत म्हणाले, म्हणून आमचे तीन गट पाडले आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

पहिल्या गटाने ‘मोजमाप’ नावाची लायब्ररी लिहायची. सेन्सरचे कच्चे आकडे घ्यायचे आणि पाण्याची उंची द्यायची, एवढंच तिचं काम. दुसरा गट आमचा, चार मुलींचा. आमचं ‘विहीर’, म्हणजे शेतावरच्या रास्पबेरी पायवर चालणारा प्रोग्राम, जो मोटार चालू ठेवायची की नाही ते ठरवतो. तिसऱ्या गटाचं ‘फलक’, म्हणजे सर्व्हर, वेबपेज, तक्ते वगैरे. त्यांनीच मेसेज पाठवण्यासाठी ‘निरोप’ नावाची एक छोटी लायब्ररीही केली. चार रिपॉझिटरी, तीन गट, दोन हॉस्टेल. आणि चारही गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. पुस्तकातल्या उदाहरणात लायब्ररी तयार असते आणि आपण ती वापरतो. इथे कोणाचंच काही तयार नव्हतं.

आता ‘डिपेन्डन्सी’ म्हणजे काय ते गावच्या भाषेत सांगते. आण्याला श्री रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची मोठी यात्रा भरते. तिचा आमटी-भाकरीचा महाप्रसाद आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आमटी आण्यात मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी आजूबाजूच्या गावांतून, घराघरांतून भाजून येतात. म्हणजे बघा, पंगत आमटीवरही अवलंबून आणि भाकरीवरही. पण आमटी करणारा माणूस कोणाच्या घरी जाऊन पीठ मळत नाही. त्याला फक्त ‘भाकरी येईल’ एवढं ठाऊक असतं. भाकरी बाजरीची असेल, जाड असेल की पातळ, चूल कुठली, हे त्याचं काम नाही. दोघांच्या मध्ये एक न लिहिलेला करार आहे. सॉफ्टवेअरवाले ह्या कराराला इंटरफेस म्हणतात. करार पाळला जातोय तोवर दोन्ही बाजू आपापल्या घरी हवं ते बदलू शकतात.

एकाच प्रोजेक्टच्या आत ही भानगड फार जुनी आणि बऱ्यापैकी सुटलेली आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिलं. आपल्या लॅबमध्ये अजूनही आपण ते वापरतो. कोणती फाईल कोणावर अवलंबून आहे हे एकदा लिहून दिलं की मेक तारखा-वेळा बघतं आणि जे शिळं झालंय तेवढंच पुन्हा बनवतं. क्रमही तेच लावतं: ज्याला कोणाची गरज नाही ते आधी, बाकीचं त्याच्यामागून. डीएसएच्या पेपरला आपण ‘टोपॉलॉजिकल सॉर्ट’ पाठ करतो ते हेच. आमच्याकडे तो क्रम म्हणजे आधी मोजमाप, मग निरोप, मग विहीर आणि फलक.

पण दोन वेगळे प्रोजेक्ट आले की मेकला काही सुचत नाही. दुसऱ्या गटाच्या लॅपटॉपवर काय बदललं ते आपल्या मेकला कुठून कळणार? तिथे एक निर्णय माणसालाच घ्यावा लागतो: दुसऱ्यांचं *कोणतं* मोजमाप वापरायचं? आजचं की मागच्या महिन्यातलं?

आम्ही फार विचार न करता उत्तर दिलं, “आजचं. ताजं ते चांगलं.”

कारणही तसं सोयीचं होतं. कॉलेजहून आण्याला जायचं म्हणजे एसटीत अर्धा दिवस जातो. मोजमापमधली प्रत्येक दुरुस्ती शेतावर नेऊन बसवणं परवडणारं नव्हतं. म्हणून मी स्वतः (होय, मीच) एक स्क्रिप्ट लिहिली. पाय चालू झाला की आधी इंटरनेटवरून मोजमापच्या मेन ब्रँचवरचं सगळ्यात ताजं रूप आणायचं, जुनं काढून ते बसवायचं आणि मग विहीर सुरू करायचं. तेव्हा मला त्या स्क्रिप्टचा फार अभिमान वाटला होता.

शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते हे गावाकडच्या मुलांना सांगायला नको. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री उठून कोण मोटार चालू करणार, म्हणून बहुतेक जण स्टार्टरला ऑटो स्विच लावतात, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप चालू. तात्यांकडेही तेच. आमचा पायसुद्धा त्याच विजेवर. म्हणजे रोज वीज आली की पाय जागा होणार, ताजं मोजमाप आणणार आणि कामाला लागणार.

एप्रिलमधला शनिवार. वीज रात्री साडेबाराला आली. विहिरीत पाणी होतं एक मीटर साठ सेंटिमीटर. आमच्या हिशोबाने ते एक मीटरवर आलं की मोटार बंद व्हायला हवी होती. मोटार बंद झाली पहाटे पाचला, आणि तीही आमच्यामुळे नाही. वाइंडिंग जळाल्यामुळे. ओपनवेल सबमर्सिबल मोटार भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. पाणी मोटारीच्या खाली गेल्यावर ती तासन्‌तास कोरडी फिरत होती.

सकाळी तात्यांचा फोन आला. ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, “बाळा, तुझं ते मशीन रातचं झोपलं व्हतं का गं?” ओरडले असते तर बरं झालं असतं. वर कांद्याला शेवटचं पाणी द्यायचं राहिलं होतं. रिवाइंडिंगचे साडेचार हजार आणि मोटार वर काढायला चार माणसं, हे मला नंतर चुलतीकडून कळलं.

झालं होतं असं. शुक्रवारी संध्याकाळी मोजमापच्या मुलांनी एक बदल केला. आधी त्यांची लायब्ररी पाण्याची उंची मीटरमध्ये द्यायची, १.६ वगैरे. फलकवाल्यांना तक्त्यासाठी पूर्णांक हवे होते, दशांश चिन्हाने त्यांचे खांब वाकडे दिसत होते म्हणे. त्यांनी विनंती केली आणि मोजमापने उंची सेंटिमीटरमध्ये द्यायला सुरुवात केली. फंक्शनचं नाव तेच, ‘उंची’. आधीही आकडा मिळायचा, आताही आकडाच. त्यांच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, कारण बदलाबरोबर टेस्टही बदलल्या होत्या. फलकचे तक्ते सुंदर दिसू लागले. आणि आमच्या विहीरमध्ये अट होती: उंची एकपेक्षा कमी असेल तर मोटार बंद कर. तळाशी गाळ असतो म्हणून मोटार दगडांच्या ओट्यावर ठेवलेली, त्यामुळे पाणी ओढणं थांबलं तेव्हाही खाली चाळीसेक सेंटिमीटर पाणी शिल्लक होतं. सेन्सर इमानेइतबारे ‘४०’ सांगत होता. चाळीस काही एकपेक्षा कमी नाही!

हे वाचून कोणाला १९९९ सालचं नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर आठवेल. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात हिशोब देत होतं, दुसरी बाजू तो न्यूटनमध्ये समजत होती, आणि यान मंगळाजवळ गेलं ते कायमचं. आम्हालाही फर्स्ट इयरला हे उदाहरण शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळाले होते.

रविवारी रात्री मेसमध्ये जी मीटिंग झाली तिला मीटिंग म्हणणं म्हणजे जरा जास्तच होईल. मोजमापवाले म्हणाले, “आम्ही ग्रुपवर मेसेज टाकला होता.” खरंच टाकला होता. दोन वाढदिवसांच्या शुभेच्छा आणि मेसच्या पनीरवरच्या एका लांबलचक भांडणाच्या मधोमध. आमच्या गटाने तो वाचला नव्हता. पण समजा वाचला असता, तरी रात्री साडेबाराला जागा होणारा पाय व्हॉट्सअ‍ॅप वाचत नाही. माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला तो इथे. बदल झाल्याची खबर माणसाला देऊन भागत नाही. जी मशिन ती लायब्ररी उचलणार आहे तिला कळेल अशा भाषेत ती दिली पाहिजे.

ती भाषा म्हणजे आवृत्तीचा क्रमांक. आपण सगळे २.३.१ असले आकडे बघतो आणि सोडून देतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी त्याचे नियम लिहून काढले, त्याला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. हल्ली सगळीकडे चालणारी त्यांची २.०.० ही आवृत्ती २०१३ ची आहे. तीन आकड्यांपैकी शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती झालीय, डोळे मिटून घ्या. मधला वाढला तर काही नवीन आलंय पण जुनं मोडलेलं नाही. पहिला वाढला तर करार बदलला, थांबा आणि वाचा. पहिला आकडा शून्य असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही, आपल्या जबाबदारीवर घ्या. मीटरचं सेंटिमीटर होणं म्हणजे सरळ पहिला आकडा. आमच्या मोजमापला आकडाच नव्हता. म्हणजे भाकरीच्या टोपलीवर गावाचंही नाव नाही आणि दिवसाचंही.

आकडा आला की वापरणाऱ्याला निवड करता येते. ‘नेमकी १.४.२ च हवी’ असं सांगणं म्हणजे पिन करणं. ‘१.४ च्या पुढची पण २ च्या आतली कुठलीही’ असं म्हणता येतं, हा मधला मार्ग. किंवा ‘सगळ्यात ताजी’. जावावाल्यांच्या मेव्हनमध्ये ह्या ताज्याला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात, आणि तिथे एक गंमत आहे जी आमच्या सीनियर्सना प्लेसमेंटनंतर पहिल्याच महिन्यात भोवली. मेव्हन नवा स्नॅपशॉट आलाय का हे स्वतःहून दिवसातून एकदाच विचारतं. त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांकडे एकाच नावाचं, एकाच क्रमांकाचं, पण वेगळं सामान असू शकतं. “माझ्याकडे तर चालतंय!” हे वाक्य तिथून येतं.

मग सगळं कायमचं पिन करून टाकावं की काय? आमच्या गटातल्या एकीचं तेच म्हणणं होतं, आणि त्या आठवड्यात तिच्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नव्हती. पण काम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये पिन करून विसरलात की दुसरं दुखणं सुरू होतं. तिकडे मोजमाप तीन महिन्यांत वीस पावलं पुढे जातं, आपण जुन्यावरच, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एकदम वीस पावलांची उडी. त्यातलं कोणतं पाऊल घसरलं ते शोधता शोधता सकाळ होते. रोज एक पाऊल टाकलं असतं तर रोज फक्त एकाच ठिकाणी बघावं लागलं असतं.

ह्याचं उत्तर मला सापडलं ते आमच्याच तालुक्याच्या आसऱ्याने. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन फाट्यांवर साधारण २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला खुली करतात. मी सातवीत गेले होते आणि घरी येऊन तात्यांना म्हणाले होते की त्या ताटल्यांत पावसाचं पाणी साठवता येईल. (त्या जाळीच्या आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!)

ती दुर्बीण चालवणारी संस्था म्हणजे पुण्याची एनसीआरए. तीच आता ‘स्का’ ह्या जागतिक दुर्बिणीच्या कामात आहे. दक्षिण आफ्रिकेत १९७ डिश आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोट्या अँटेना असा तो पसारा, मुख्यालय इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँकला. बांधकाम २०२१ मध्ये सुरू झालं. ह्या सगळ्या अवजडाला ‘आता इकडे बघ, आता हे मोज’ असं सांगणारं जे सॉफ्टवेअर आहे, टीएमसी नावाचं, ते करण्यात एनसीआरए आणि तिच्याबरोबरच्या भारतीय मंडळींचा मोठा वाटा आहे. आणि मजा म्हणजे हा सगळा कोड गिटलॅबवर कोणालाही वाचायला उघडा आहे. मे महिन्यात मी तो वाचत बसले. खगोलशास्त्र फारसं कळलं नाही, पण कोडची मांडणी बघून चाटच पडले. ती हुबेहूब आमच्यासारखी होती, फक्त त्यांच्या मोटारी जळत नव्हत्या.

टीएमसी म्हणजे एक रिपॉझिटरी नाही. सेंट्रल नोड वेगळा, सबअ‍ॅरे नोड वेगळा, डिशशी बोलणारा लीफ नोड वेगळा, सिग्नल प्रोसेसरशी बोलणारा वेगळा. प्रत्येकाची रिपॉझिटरी स्वतंत्र, प्रत्येकाचा आवृत्ती क्रमांक स्वतंत्र. सगळ्यांना लागणारं सामान ‘स्का-टीएमसी-कॉमन’ ह्या लायब्ररीत. म्हणजे त्यांचं मोजमाप! आणि त्या कॉमनच्या खाली ‘स्का-टँगो-बेस’, जी सगळ्याच गटांना लागते. ती बदलली तर हादरा वेगवेगळ्या देशांतल्या गटांना बसणार.

त्यांनी ते कसं बांधलंय त्यातल्या तीन गोष्टी मी उचलल्या.

एक म्हणजे जोडणीसाठी वेगळी रिपॉझिटरी. तिच्यात स्वतःचा कोड फार नसतो. कोणत्या भागाची कोणती आवृत्ती एकत्र चालते ह्याची यादी आणि सगळे मिळून चालतात का हे बघणाऱ्या टेस्ट, एवढंच. एकट्याने हिरवं असणं आणि पंगतीत बसल्यावर हिरवं असणं ह्या दोन गोष्टी आहेत. आमच्याकडे दुसरी गोष्ट तपासणारं कोणीच नव्हतं.

दुसरी गोष्ट पक्क्या आणि कच्च्या मालाची. क्रमांक देऊन बाहेर काढलेली आवृत्ती एका मध्यवर्ती भांडारात जाते आणि मग ती बदलायची नाही, चूक सापडली तर पुढचा क्रमांक. कामात असलेलं बिल्ड त्या भांडारात जातच नाही, ते वेगळ्या जागी राहतं, आणि त्याच्या क्रमांकाला ‘डेव्ह’ अशी शेपटी आणि पुढे ते ज्या कमिटमधून बनलं त्याचे काही अंक लावतात. त्यामुळे ‘ताजं’ घेतलं तरी नेमकं कोणतं ताजं ते नंतर सांगता येतं. आमच्या पायला मी सोमवारी विचारलं की तुझ्यात कोणतं मोजमाप आहे, तर त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं.

तिसरी गोष्ट खोट्या यंत्रांची. सिग्नल प्रोसेसर दुसऱ्या देशातला गट बनवतोय, तो तयार होईपर्यंत थांबलं तर काही होणार नाही. म्हणून त्याच्या जागी त्याच्यासारखं बोलणारा सिम्युलेटर ठेवायचा. हे आम्हीही केलं होतं आणि त्यातच फसलो. विहीरच्या टेस्टमध्ये आमचं खोटं मोजमाप होतं, ते नेहमी ०.८ सांगायचं आणि विहीर मोटार बंद करायची, टेस्ट हिरवी. खरं मोजमाप ८० सांगायला लागलं तेव्हाही खोटं बिचारं ०.८ च सांगत होतं. सिम्युलेटर जुना करार पाठ करून बसलेला असतो. खऱ्याशी त्याची गाठ मधूनमधून घालून द्यावीच लागते.

ह्यावर कोणी म्हणेल, एवढं कशाला, सगळं एकाच रिपॉझिटरीत टाका ना. टाकता येतं. गुगलचा बहुतेक कोड एकाच अवाढव्य रिपॉझिटरीत आहे असं त्यांच्याच लोकांनी २०१६ साली लिहिलंय. तिथे लायब्ररी बदलणाऱ्याने तिला वापरणाऱ्यांचा कोडही त्याच फटक्यात दुरुस्त करायचा, आवृत्त्यांची कटकटच नको. आम्हाला चार रिपॉझिटरींची हौस कशाला होती, हे सरांनीही विचारलं. प्रामाणिक उत्तर असं की बारा जण आणि चार छोटे प्रोजेक्ट एवढ्यासाठी एकच रिपॉझिटरी पुरली असती. पण शेतावरचा पाय त्याने सुटत नाही. तो कधी बंद, कधी चालू, त्याच्यात मागच्या महिन्याचंच काही राहणार. दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी बदलल्या जाणार असतील तर त्या कुठे ठेवल्या ह्याने करार मिटत नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगते. लॅबमध्ये धूळ खात पडलेला एक डेस्कटॉप सरांनी दिला. मोजमाप आणि निरोप आता क्रमांक घेऊन त्याच्यावरच्या भांडारात येतात. शेतावरच्या पायवर सगळं पिन केलंय, त्याने स्वतःहून काहीही आणायचं नाही. माझी ती लाडकी स्क्रिप्ट गेली. आणि त्याच डेस्कटॉपवर रोज रात्री दोन वाजता चारही गोष्टींची सगळ्यात ताजी रूपं क्रमाने बांधून एकत्र चालवतात, खऱ्या सेन्सरला पाण्याच्या उंच पाइपात बुडवून. म्हणजे शेतावर पिन आणि लॅबमध्ये ताजं. सकाळी निकाल छापून मेसच्या मेनूशेजारी लावतो. लाल असेल तर नाश्त्यालाच कळतं की कोणाच्या बदलाने मोडलं. पहिल्या पंधरवड्यात कागद नऊ वेळा लाल होता! ह्या नऊतल्या किती चुका पूर्वी शेतावर गेल्या असत्या ते मी मोजलं नाही.

फंक्शनचं नावही बदललं. ‘उंची’ गेलं, ‘उंची मीटर’ आणि ‘उंची सेंमी’ अशी दोन आली. ही दुरुस्ती पाच मिनिटांची होती.

बदल करताना दोन खड्डे आणखी लागले, ते ज्युनियर्ससाठी लिहून ठेवते. फलकला नवं मोजमाप २.०.० हवं होतं, पण फलक वापरतं निरोप, आणि निरोपला हवं होतं मोजमाप २ च्या आतलं. वरून एक, खालून एक, मध्ये दोन वाटा. आकृती पतंगासारखी दिसते म्हणून ह्याला डायमंड म्हणतात. पायथनमध्ये एका वेळी मोजमापची एकच आवृत्ती बसते, त्यामुळे पिप अडून बसलं. आम्ही त्याला शिव्या घातल्या, पण ते बरोबर होतं. २०२० मध्ये २०.३ आवृत्ती आली त्याआधीचं पिप अशा वेळी जे आधी सापडलं ते बसवून पुढे जायचं, आणि आम्हाला पुन्हा रात्री साडेबाराला कळलं असतं. एनपीएम दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवू देतं. ते सोपं वाटतं, पण मग एकाने मीटर द्यायचा आणि दुसऱ्याने तो सेंटिमीटर समजायचा, हे एकाच प्रोग्रामच्या पोटात होऊ शकतं. आम्ही आधी निरोप २ वर आणलं, मग फलक. क्रम पुन्हा तोच, खालून वर.

दुसरा खड्डा चक्राचा. मोजमापला विहिरींची नावं हवी होती, ती फलककडे होती. त्यांनी फलक वापरायला घेतलं. आता मोजमापला फलक हवं, फलकला मोजमाप. आधी कोण बांधणार? कागदावर काढलं तर बाण गोल फिरायला लागले. शेवटी नावांची यादी काढून पाचवी, अगदी चिमुकली लायब्ररी केली आणि दोघांनी ती घेतली. चक्र दिसलं की बहुतेक वेळा आत एक तिसरी गोष्ट लपलेली असते, ती बाहेर काढायची.

रिवाइंडिंगचे पैसे आम्ही बारा जणांनी वर्गणी काढून दिले. तात्या घेत नव्हते. मोजमापच्या मुलांनी एसटीने आण्याला जाऊन चुलतीच्या हातात ठेवले, दोन वेळा जेवून आले आणि येताना आम्हाला न विचारता विहिरीचा गाळ किती आहे तेही मोजून आले. ती माहिती २.१.० मध्ये आलीय, मधला आकडा वाढवून.

तात्यांनी यंत्र पुन्हा लावू दिलं, पण स्टार्टरला बाजारातला ड्राय-रन रिले आधी बसवून घेतला. आता दोन्ही आहेत. म्हणाले, “तुझं चाललं तर तुझं, नाय तर ह्याचं.” पायवर मोजमाप १.४.२ आहे. विहीर २ वर न्यायचं काम अजून बाकी आहे, पाइपावर ते तीन आठवडे सलग हिरवं आलं की मी घेऊन जाणार आहे. आज अकरावा दिवस.